आत राखलेली माया

माझ्या कपाटात गुळेदगुडच्या खणाचा एक ब्लाउज आहे. गर्द जांभळा, तांबड्या काठाचा, १९८१ साली शिवलेला. तो उलटा करून बगलेपासून कमरेपर्यंतची शिवण उजेडात धरली की सुईच्या भोकांच्या चार ओळी दिसतात. एक नोकरी लागली तेव्हाची, एक लग्नानंतरची, एक बाळंतपणानंतरची आणि एक चाळिशी उलटल्यावरची. दर वेळी जुनी टीप उसवायची आणि थोडी बाहेरून नवी मारायची. चौथ्या ओळीच्या पलीकडे अजूनही बोटभर कापड शिल्लक आहे.

शिवणीच्या आत राखलेल्या या जादा कापडाला शिवणकामात माया म्हणतात. हा शब्द मी प्रथम ऐकला तो आमच्या वाड्यातल्या, कपडे शिवणाऱ्या काकूंच्या तोंडून. मी तेरा वर्षांची होते. परकराचं माप घेताना त्या आईला म्हणाल्या, "पोर वाढायलीय. माया जास्त धरते." मला वाटलं, काकूंचा माझ्यावर जीव आहे असंच त्या सांगतायत. ते दोन्ही अर्थांनी खरं होतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव होतं. १८७७ साली पहिली गिरणी निघाली तेव्हापासून गावाचा दिवस भोंग्यावर उगवायचा आणि भोंग्यावरच मावळायचा. घरोघरी कुणी ना कुणी सुताशी बांधलेलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीतून दिवसभर मागांचा खडखडाट यायचा. काकूंचे यजमानही गिरणीत होते. ती बंद पडल्यावर काकूंनी आमच्या वाड्यातल्या जिन्याखालच्या खोलीत जुनं पायमशीन आणून टाकलं. शाळा चौथीपर्यंत झालेली, शिवण कुणाकडे रीतसर शिकलेल्या नाहीत. जुने कपडे उसवून, त्यांचे तुकडे जमिनीवर मांडून त्या कापणी शिकल्या होत्या.

त्या स्वतः कायम इरकली नऊवारीत. गर्द हिरवं, काळं आणि डाळिंबी, असे तीनच रंग. वर गाठीची चोळी. पेठेतल्या अर्ध्या मुलींचे फॅशनचे कपडे त्या शिवायच्या. फुग्याची बाही, बोटनेक, पाठीवर नाडीची गाठ, जे मागाल ते. त्यातलं काहीही त्यांच्या अंगावर कधी आलं नाही, आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी नाराजीचा शब्दही आला नाही. मशीनवर वाकलेल्या असोत, नळावर असोत की सिद्धेश्वराच्या यात्रेत, त्या लांबूनसुद्धा ओळखू यायच्या. त्यांच्या चालण्यात एक डौल होता, आणि तो लुगड्याच्या किमतीतून आलेला नव्हता.

एकदा त्यांनी मला लुगड्याचा पदर उजेडात धरून दाखवला होता. इरकलीचा टोपपदर म्हणजे तांबड्या रेशमाचे रुंद पट्टे आणि मध्ये पांढरी नक्षी. मी विचारलं, "हा वेगळा शिवलाय का?" त्यांनी माझं बोट धरून जोडावरून फिरवलं. अंगाचा ताणा सुती, पदराचा ताणा रेशमी, आणि दोन्ही भेटतात तिथे प्रत्येक धागा दुसऱ्या धाग्याच्या फासात अडकवलेला. विणकर याला कोंडी म्हणतात. हजारो धागे असे एकेक करून जोडायचे आणि मग पुढे विणायचं. "जोड हाय, पण टाका न्हाई," काकू म्हणाल्या. आयुष्यभर टाके घालणारी बाई टाक्याशिवायच्या त्या जोडाकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मला अजून आठवते.

माझ्या बाबतीत घरात एक गोष्ट ठरून गेलेली होती. मुलगी सावळी आहे, तिला फिकट रंग घालावेत. त्यामुळे लिंबू, मोतिया, फिकट गुलाबी, आकाशी, एवढंच माझ्या वाट्याला यायचं. दुकानदारही सावळ्या मुलीसमोर तेच ठाण उलगडायचे. आईचा यात काही दोष नव्हता. तिलाही लहानपणी कुणीतरी हेच सांगितलं होतं, आणि मुलीला लोकांनी नावं ठेवू नयेत एवढीच तिची धडपड होती.

काकूंनी एकदा मला सकाळी अकराच्या सुमाराला ओट्यावर बोलावलं. "दुकानातल्या ट्यूबखाली रंग खोटं बोलतो," म्हणाल्या. गिऱ्हाइकांच्या कापडांचे उरलेले तुकडे त्यांनी गाठोड्यात जपलेले होते. त्यातला एकेक काढून त्या माझ्या गळ्याशी धरायला लागल्या. त्यांचं लक्ष तुकड्याकडे नव्हतंच. माझे डोळे, ओठ, हनुवटीखालची सावली, एवढंच त्या निरखत होत्या. लिंबू रंग धरला आणि मान हलवली. मोतिया धरला आणि बाजूला टाकला. मग गर्द जांभळा धरून त्या जरा थांबल्या. आईला हाक मारली. आई दारात आली, बघत राहिली, आणि काही न बोलता आत गेली. त्या दिवाळीला मला जांभळा परकर मिळाला.

माझा सावळेपणा झाकायचा नाही, त्याला जोड देणारा रंग शोधायचा, हे मला कुणी शब्दांत सांगितलं नाही. ओट्यावरच्या उजेडात ते माझ्या अंगावर घडलं.

मग बॉबी आला. १९७३ सालचा सिनेमा, आणि त्यानंतर वर्षभर गावात ठिपक्यांच्या कापडाला नुसता ऊत आला होता. मलाही तसलाच ब्लाउज हवा होता, पुढे गाठ मारलेला. मी हट्टानं कापड आणलं. मला वाटलं होतं काकू नको म्हणतील. त्यांनी निमूटपणे शिवून दिला, आणि उत्तम शिवला. घातल्यावर आरशाकडे जाऊ न देता त्यांनी मला खोलीच्या मध्ये उभं केलं.

"चालून दाखव."

मी चालले.

"आता बस. मांडी घालून. आता उठ. हात वर कर, फडताळातला डबा काढ. आता वाक, घागर उचल."

घागर उचलून सरळ झाले तेव्हा माझा एक हात गाठीवर होता. काकूंनी विचारलं, "कितीदा हात लावलास?" मी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं होतं, नऊ वेळा. "तुझ्या मैतरिणीनं हेच घातलं परवा, तिनं एकदाबी लावला न्हाई. तिचं ते हाय. तुझं हाय का, ते तू बघ." त्यांनी तो ब्लाउज मला घरी नेऊ दिला, पैसेही घेतले. मी तो दोनदा घातला आणि धाकट्या बहिणीला दिला. तिला तो फार शोभला.

नीटनेटकं दिसण्याबद्दल पुढे मी बरंच वाचलं, ऐकलं. उंची कमी असेल तर उभ्या रेघा, खांदे रुंद असतील तर अमुक गळा, वयाला तमुक रंग. त्यातलं काही उपयोगीही असतं. पण काकूंच्या त्या परीक्षेइतकं खरं मला काहीच सापडलं नाही. चाल, बस, हात वर कर, वाक. कपडा अंगावर असताना आपलं लक्ष कुठे असतं, एवढं बघायचं. त्यांची दृष्टी माणसापासून सुरू व्हायची, कापड मागून यायचं.

१९८१ साली मला मुंबईत बँकेत नोकरी लागली. फोर्टातली शाखा, उंच छत, लाकडी काउंटर. पहिल्याच महिन्यात एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काउंटरवर बसणाऱ्या मुलीनं जरा मॉडर्न दिसायला हवं, सुती साडीत मी गावाकडची वाटते. ते चांगल्या भावनेनं बोलले असतील, पण त्या दिवशी लोकलमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. पुढच्या पगारातून तीन जॉर्जेटच्या साड्या घेतल्या, फिकट रंगांच्या, आणि त्यांवरचे ब्लाउज ऑफिसजवळच्या शिंप्याकडे टाकले.

ते चार महिने मी फक्त साडी सांभाळण्यात घालवले. गर्दीत पदर घसरायचा, निऱ्या सुटायच्या, आणि ब्लाउजचा गळा सारखा उजव्या बाजूला ओघळायचा. मी तो वर ओढायचे, तो पुन्हा ओघळायचा. मला वाटायचं, मलाच नीट बसता येत नाही, मलाच वावरता येत नाही. एका बाईंना पासबुक देताना मी एका हातानं खांदा ओढत होते, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. इतका संकोच मला कधी झाला नव्हता.

दिवाळीला सोलापूरला गेले. जॉर्जेट नेसूनच काकूंना भेटायला गेले, त्यांना दाखवावी म्हणून. त्या मशीनवरून उठल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "पिना किती लावल्यास?"

"सहा."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि एकेक पिन काढायला सुरुवात केली. खांद्यावरच्या दोन, निऱ्यांतली एक, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या दोन, पाठीवरची एक. प्रत्येक पिन त्या काजळाच्या डबीच्या झाकणात टाकत होत्या, टक्, टक्. सहावी पडल्यावर पदर आपोआप मांडीवर आला. "सहा पिना लागत्यात म्हंजे त्या कापडाला तुझ्यापाशी ऱ्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मी रडले. चार महिन्यांचं सगळं साचलेलं बाहेर आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि टेप हातात घेतली.

तो जांभळा खण त्यांनी त्या रात्री कापला. खणाचा पन्हा लहान असतो, दोन्ही कडांना काठ. त्यात पाठ, पुढा, बाह्या बसवणं म्हणजे डोक्याला ताण. शिवाय काठ वाया जाऊ न देता तो बाहीच्या टोकाला आणायचा. काकू कापड जमिनीवर पसरून बराच वेळ नुसत्या बघत बसल्या, मग खडूनं चार रेघा मारल्या आणि एकदा कात्री लावली ती थांबली नाही. भाऊबिजेला ब्लाउज हातात. सोबत सुती इरकल, सहावारी, गोल नेसायची, बाजारातून आईनं आणलेली.

मुंबईला गेल्यावर पहिल्या सोमवारी तेच नेसले. एकही पिन नाही. कुणी वाहवा केली नाही, कुणी नाकही मुरडलं नाही. मला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी संध्याकाळी चर्चगेटला गाडीत बसेपर्यंत आपण काय नेसलोय हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. काउंटरवर बसून मी दिवसभर समोरच्या माणसांकडे बघत होते. त्यानंतर छत्तीस वर्षं मी सुती हातमागाच्या साड्या नेसले. इरकल, नारायणपेठ, महेश्वरी. रंग गर्दच. त्या वरिष्ठांनी पुढे मला शाखेच्या समारंभात सूत्रसंचालनाला उभं केलं ते याच साडीत, आणि काही बोलले नाहीत.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे लिहायला हवी.

१९९४ साली माझी बढती झाली. काकूंसाठी काहीतरी मोठं करावं असं मनात फार होतं. येवल्याहून पैठणी आणली, मोरपंखी रंगाची, पदरावर मोर, दीड महिन्याचा पगार घालून. वाड्यात सगळ्यांसमोर त्यांना दिली, आणि आत्ताच नेसा असा आग्रह धरला. त्या आत जाऊन नेसून आल्या. खुर्चीवर बसल्या. मी फोटो काढला. सगळे म्हणाले, काकू, काय शोभताय!

तो फोटो नंतर कितीतरी वेळा बघितला. त्यांचा डावा हात गळ्याशी आहे, उजव्या हातानं पदर धरलाय, पाठ खुर्चीला टेकलेली नाही. ज्या बाईनं मला चालून दाखव, बसून दाखव म्हटलं, तिला मी साधं विचारलंही नाही. माझ्या प्रेमाला जे भारी वाटलं ते मी त्यांच्या अंगावर घातलं. हौस आणि प्रेम असलं तरी दुसऱ्याला आपल्या आवडीत गुंडाळणं ते गुंडाळणंच. आजकाल लग्नांच्या पत्रिकांमध्ये हळदीला पिवळं, संगीताला निळं असे हुकूम असतात आणि सत्तरीच्या आत्याबाई मिळेल तो निळा शोधत दुकानं पालथी घालतात. तेव्हा मला तो फोटो आठवतो, आणि मनापासून वाईट वाटतं.

काकूंनी मात्र मला कधी जाणवू दिलं नाही. १९९६ साली शांता शेळके आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो काकूंनी कापून मशीनशेजारच्या भिंतीवर खळीनं चिकटवला होता. दोन्ही खांद्यांवरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी त्यांना सांगितलं की या फार मोठ्या कवयित्री आहेत, सिनेमाची गाणीही लिहितात. काकू म्हणाल्या, "ते मला काय कळतंय? पर एवढ्या मोठ्या लोकांत बसली, पदर आपलाच ठेवला बघ बाईनं." तो फोटो पिवळा पडेपर्यंत तिथे होता.

२००७ साली काकू गेल्या. तेराव्यानंतर त्यांच्या सुनेनं मला बोलावून दोन वस्तू दिल्या. एक ती पैठणी, मलमलमध्ये गुंडाळलेली, घडीत कडुनिंबाचा पाला. आणि एक त्यांच्या मापांची वही.

लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची, हिशेबाला असते तसली वही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. माझी पानं अकरा भरली, १९७२ पासूनची. आकडे, पुढे चौथीतल्या मुलीसारख्या अक्षरात एखादी नोंद. 'गळ्याला घाम येतो, अस्तर नको.' 'बाही कोपरावर, लिहिताना टोचू नये.' 'बाळंतीण, पुढे हूक.' मी बोटानं ओळी वाचत होते आणि १९७४ च्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं: 'उजवा खांदा अर्धा इंच खाली. पोरीला सांगू नये.'

त्याखाली प्रत्येक मापाशी एकच खूण, उजव्या बाजूला एक लहान तिरकी रेघ. तेहेतीस वर्षं. त्यांनी माझा प्रत्येक ब्लाउज उजवीकडे अर्धा इंच उतरता कापला होता. म्हणून तो कधी ओघळला नाही. मुंबईच्या शिंप्यानं दोन्ही खांदे सारखे कापले, सगळे कापतात तसे, आणि मी चार महिने स्वतःला दोष देत राहिले. सोळाव्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं की तुझे खांदे वरखाली आहेत, तर मी आरशासमोरून हटले नसते. आयुष्यभर एका बाजूनं पदर ओढत राहिले असते. काकूंनी तो भार माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. कापडात सोडवून टाकला.

प्रत्येक नोंदीपुढे शिलाई आणि त्यापुढे 'पोचले'. त्या फुकट कधी शिवत नसत. माझ्याकडूनही पैसे मोजून घ्यायच्या, आणि मला ते आवडायचं. फक्त एका ओळीपुढे 'पोचले' नाही. जांभळा खण, शिलाई ८ रु., बाकी. दिवाळीच्या त्या रडारडीत मी द्यायला विसरले असेन. पुढची सव्वीस वर्षं त्यांनी मागितले नाहीत. सुनेला देऊ केले तर ती म्हणाली, "सासूबाईंनी बाकी ठेवलीय ती राहू दे की वहिनी. मी कोण पुसणार?"

ती वही माझ्याकडे आहे. पुढे पुण्यात आल्यावर नवीन शिंपी शोधला तेव्हा त्याला ते पान दाखवलं. त्यानं चष्मा चढवून ते दोनदा वाचलं, आणि काही न विचारता त्याच्या वहीत तिरकी रेघ मारली.

२०१९ साली माझ्या मुलीनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तिच्यासाठी मी वर्षभर आधीच एक इरकल घेऊन ठेवली होती, डाळिंबी, रेशमी, टोपपदराची. ती म्हणाली, "आई, मी पँट घालणार आहे." माझ्या पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी तिच्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "तुझ्या त्या जांभळ्या ब्लाउजचं कापड अजून मिळतं का? मला त्याचं जॅकेट हवंय."

आम्ही दोघी जाऊन गुळेदगुडचा खण घेतला. आमच्याच शिंप्याकडे दिला. त्यानं पन्हा लहान आहे म्हणून कुरकुर केली, पण पाठीला मधोमध काठ आणून फार देखणं काम केलं. बंद गळ्याचं जॅकेट, खाली काळी पँट. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिनं ते घालून दाखवलं. मी तिला खोलीच्या मध्ये उभं केलं. चाल, बस, उठ, हात वर कर. ती हसत हसत सगळं करत गेली. मी मात्र मोजत होते.

"चार वेळा," मी म्हणाले. "गळ्याला."

"कॉलर टोचतेय गं जरा. पण राहू दे, तुला बंद गळाच आवडतो ना."

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सकाळी अकराला नोंदणी कार्यालयात पोचायचं होतं. मी जॅकेट उलटं केलं, गळ्याची शिवण दिव्याखाली धरली आणि आत बोटानं चाचपून बघितलं. शिंप्यानं भरपूर माया ठेवली होती. मी टेबलाचा खण उघडून ब्लेड काढलं आणि तिला म्हटलं, "बस इथं. अर्ध्या तासाचं काम आहे."